संस्थेचा अध्यक्ष वजनदार असेल तर तक्रार करून काही होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटी बहीण पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेत कंत्राटी नोकरीला आहे. संस्थेच्या अध्यक्षांनी तिला दोनदा केबिनमध्ये बोलावून अंगलगट केली, दुसऱ्या वेळी दारही लावून घेतलं. याला सात आठवडे झाले. अध्यक्षांची आमदार-खासदारांत ऊठबस आहे, घरचे लोक बांधकाम व्यवसायात आहेत. संस्थेतल्याच एका 'हितचिंतका'ने पाच लाख आणि कायम नोकरी असा निरोप आणलाय. वडील म्हणतात, विषय संपव. आणि प्रश्न विचारणाऱ्या भावाने शेवटी लिहिलंय की अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप झालेल्या अमेरिकेतल्या धनाढ्य एपस्टीनच्या बातम्या वाचून वाटतं, तिकडे इतक्या मुली बोलल्या तरी त्याला वर्षानुवर्षं काही झालं नाही, मग आपल्याकडे तक्रार करून काय उपयोग?

मी शिवाजीनगर कोर्टात फौजदारी बाजूला वकिली करते. अशा खटल्यांत बहुतेक वेळा तक्रारदार मुलीच्या बाजूने उभी राहते, काही वेळा आरोपीच्याही बाजूने राहिले आहे. त्यामुळे पैसा आणि ओळख नेमकी कुठे वापरली जाते, हे मला दोन्हीकडून दिसलेलं आहे.

लोकांना वाटतं, बडा माणूस निकाल विकत घेतो. तसं घडताना मी फारसं पाहिलेलं नाही. खटला पूर्ण चालला, मुलगी साक्षीला उभी राहिली, कागद जागेवर असले, तर वजनदार आरोपीलाही शिक्षा होते. अडचण ही की फार थोडी प्रकरणं तिथपर्यंत पोचतात. पैसा खर्च होतो तो त्या आधीच्या रस्त्यावर: फिर्याद कशी लिहिली जाते, नमुने कुठे जातात, साक्षीदार दोन वर्षांनी काय बोलतो, आणि मुलीच्या घरचे किती दिवस दम धरतात यावर. तेव्हा तुमचा खरा प्रश्न 'त्याला शिक्षा होईल का' हा नाही. आज ते साक्षीचा दिवस या काळात तिची बाजू शाबूत कशी ठेवायची, हा आहे. त्याबद्दल बरंच सांगता येतं.

तुम्ही एपस्टीनचं नाव काढलंत म्हणून तिथूनच सुरू करते. २००५ मध्ये फ्लोरिडातल्या पाम बीचच्या पोलिसांनी त्याचा तपास केला होता. मुली बोलल्या होत्या, पुरावा गोळा झाला होता. माती झाली ती २००७-०८ मध्ये. केंद्रीय सरकारी वकिलांनी त्याच्या वकिलांशी बंद दाराआड करार केला आणि पीडित मुलींना त्याचा पत्ताही लागू दिला नाही. राज्याच्या कायद्याखालच्या हलक्या आरोपांवर त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली, आत राहिला सुमारे १३ महिने, तेही दिवसा स्वतःच्या कार्यालयात जाण्याची मुभा घेऊन. २०१८ मध्ये 'मायामी हेराल्ड'ने हे सगळं पुन्हा बाहेर काढलं. मुलींना अंधारात ठेवणं बेकायदा होतं, असं तिथल्या न्यायाधीशांनी २०१९ मध्ये म्हटलं. त्याच वर्षी त्याला पुन्हा अटक झाली आणि पाच आठवड्यांत तो तुरुंगात मेला. त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल मात्र खटल्याला सामोरी गेली आणि तिला २० वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे तिथे मुली बोलल्या नाहीत असं नव्हतं. ज्या खोलीत सौदा झाला त्या खोलीत त्यांच्या बाजूचं कुणी नव्हतं. आपल्याकडे स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत शिक्षेचा असा सौदा सरकारी वकिलाला करताच येत नाही, कायद्याने ती सोयच ठेवलेली नाही. आपल्याकडे त्या जागी मिटवामिटवी असते आणि ती कोर्टाच्या बाहेर, बहुधा मुलीच्या वडिलांशी होते. तुमच्या घरी ती सुरूही झाली आहे.

भारतातलं जे प्रकरण मी नव्या ज्युनियरना आधी वाचायला देते ते रुचिका गिरहोत्राचं. १९९० साली हरियाणातल्या पंचकुलात १४ वर्षांच्या या टेनिसपटूचा विनयभंग झाला. आरोपी एस. पी. एस. राठोड हा पोलीस महानिरीक्षक आणि वर टेनिस संघटनेचा अध्यक्ष. त्याच वर्षी पोलीस खात्याच्या प्रमुखांनी चौकशी करून गुन्हा नोंदवावा असं लिहून दिलं. गुन्हा नोंदला गेला १९९९ मध्ये. मधल्या काळात काय झालं ते बघा. शाळेने फी थकल्याचं कारण देऊन मुलीला काढून टाकलं. भावावर वाहनचोरीचे एकामागून एक गुन्हे दाखल झाले, त्याला कोठडीत मारहाण झाल्याचे आरोप झाले. १९९३ मध्ये रुचिकाने आत्महत्या केली. राठोड पुढे राज्याचा पोलीस महासंचालक झाला. २००९ मध्ये शिक्षा झाली ती सहा महिने आणि हजार रुपये दंड, अपिलात ती दीड वर्ष झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगलेल्या शिक्षेवर सोडलं. हा खटला टिकला तो रुचिकाची मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचे आईवडील यांच्यामुळे. घटना पाहिलेली ती एकटी साक्षीदार, आणि हे कुटुंब एकोणीस वर्षं हटलं नाही.

या प्रकरणात मोठ्या रकमा कुठे दिसत नाहीत. फोन, ओळखी, खुर्ची एवढ्यावर काम झालं. आणि दबाव मुलीवर कमी, तिच्या आजूबाजूच्यांवर जास्त आला. तुमच्याकडेही तसंच होईल असं गृहीत धरा. म्हणून एक रोखठोक सूचना: बहिणीकडे संस्थेची किल्ली, लॅपटॉप, पावतीपुस्तक, रोख रक्कम असं काहीही असेल तर ते यादी करून, पोच घेऊन जमा करावं. तक्रारीनंतर पंधरा दिवसांत 'तिने अपहार केला' असा अर्ज येणं ही माझ्या पाहण्यात नेहमीची चाल आहे. तसंच राजीनामा देऊ नये. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही तर नाहीच नाही.

आता पुण्याचं एक उदाहरण, लैंगिक गुन्ह्याचं नाही, पण पैसा पुराव्यावर कसा चालतो ते दाखवणारं. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचा ससूनमध्ये घेतलेला रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून तिथल्या डॉक्टरांना अटक झाली. सगळ्या शहराला त्या मुलाला जामिनाची अट म्हणून सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध तेवढा लक्षात राहिला. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. पोलिसांनी खबरदारी म्हणून औंधच्या सरकारी रुग्णालयात दुसरा नमुना घेऊन ठेवला होता. डीएनए तपासणीत दोन नमुने दोन वेगळ्या माणसांचे निघाले आणि बनाव उघडा पडला.

मी अशिलांना हेच करायला लावते. प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवा. तक्रार हातात दिली तर ईमेलनेही पाठवा. मेसेज फोनमध्ये आहेत तर त्याच्या प्रती विश्वासातल्या दुसऱ्या माणसाकडेही द्या, पण मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट पुसू नका. कोर्टात मूळ उपकरण आणि कायद्याने ठरवून दिलेलं प्रमाणपत्र लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटवर उलटतपासात अर्धा दिवस जातो. त्या दिवशीचे कपडे धुतलेले नसतील तर कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. सात आठवड्यांनी काय उपयोग, असं वाटेल. माजी खासदार प्रज्वल रेवण्णाला ऑगस्ट २०२५ मध्ये जन्मठेप झाली, माजी पंतप्रधानांचा नातू असूनही. तक्रारदार त्यांच्याकडे काम करणारी बाई होती, आणि तिच्या जपून राहिलेल्या कपड्यांवरचा डीएनए त्या खटल्यात फार मोलाचा ठरला.

फिर्यादीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ठाण्यात गेल्यावर नाही कुणी म्हणत नाही. 'अर्ज द्या, चौकशी करतो' म्हणतात. अर्ज चौकशीवर राहतो, तेवढ्यात समोरच्याला खबर जाते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने एक खिडकी मात्र उघडली आहे: तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते. भारतीय न्यायसंहितेतलं विनयभंगाचं कलम ७४ यात बसतं. माझ्या मते वजनदार माणसासाठी ही आयती फट आहे. म्हणून अर्ज दिल्याची तारीख-शिक्क्यासह पोच घ्या आणि पंधराव्या दिवशी लेखी विचारणा करा. तरी हालचाल नसेल तर उपायुक्तांना लेखी तक्रार आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद न घेणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यालाच न्यायसंहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे. हे भांडून सांगायची गरज नसते. अर्जात एका ओळीत कलम लिहिलं की पुरतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. काय घडलं ते तुम्ही तपशिलात लिहिलेलं नाही, आणि ते बरोबरच केलंत. पण जबाबात ते नेमकं यायला हवं. लिहिणारा अंमलदार 'हात धरला', 'गैरवर्तन केलं' असं सौम्य करून लिहितो, कधी संकोचाने, कधी सांगण्यावरून. त्या एका वाक्यावर कलम ठरतं: लैंगिक छळाचं ७५ जामीनपात्र आहे, ७४ अजामीनपात्र आहे, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर बलात्काराच्या व्याख्येत पूर्वी न येणाऱ्या अनेक कृती येतात. म्हणून ठाण्यात जायच्या आधी तिने घरी बसून, तिच्या शब्दांत, क्रमाने लिहून काढावं. तारीख आठवत नसेल तर 'त्या दिवशी संस्थेत अमुक कार्यक्रम होता' असं लिहावं, अंदाजाने तारीख ठोकू नये. अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचा असतो. सही करण्याआधी पूर्ण वाचावा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यावा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय तिथून हलू नये. नंतर दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब होतो, तो लवकर व्हावा म्हणून मी तपास अधिकाऱ्यांच्या मागेच लागते.

आता पाच लाख. यात खरा धोका आहे आणि तो तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलेला नसेल. तुम्ही नाही म्हणाल हे त्यांनाही ठाऊक असतं. त्यांना हवं असतं ते तुमच्या वडिलांच्या तोंडून 'पाचात कसं भागेल' एवढं एक वाक्य, फोनवर रेकॉर्ड केलेलं. मग तक्रार खंडणीसाठी होती असा उलटा गुन्हा तयार. म्हणून त्या हितचिंतकाशी आकड्यावर एक अक्षर बोलू नका, चेष्टेतसुद्धा नाही. लेखी एकच मेसेज पाठवा: 'या विषयावर पैसे किंवा नोकरीबद्दल आम्हाला काहीही बोलायचं नाही, पुन्हा निरोप आणू नका.' हा मेसेज पुढे तुमच्याच कामाला येतो. गुन्ह्याची तक्रार दाबण्यासाठी केलेला करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली रद्दबातल आहे, १८७२ पासून. त्यामुळे कायम नोकरीचं वचनही कागदावर आणून काही उपयोगाचं नाही. अमेरिकेत हॉलिवूडचा निर्माता वाइनस्टाइन याने अशाच गप्प बसण्याच्या करारांवर कित्येक वर्षं काढली, २०१७ मध्ये ते फुटले. आणि 'मिटलं, आता गुन्हा रद्द करा' म्हणत उच्च न्यायालयात जाण्याच्या वाटेवरही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका शिक्षकाच्या पॉक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) प्रकरणात चाप लावलाय.

नोकरीच्या जागी घडलेलं असल्यामुळे पोलिसांखेरीज दुसरा रस्ताही आहे, २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा. इथे बहुतेक जण संस्थेच्या अंतर्गत समितीकडे जातात आणि अडकतात, कारण समिती अध्यक्षांनीच नेमलेली. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या स्थानिक समितीकडे करता येते. ट्रस्टचा अध्यक्ष 'मालक' या व्याख्येत बसतो का, यावर समोरचा वकील वाद घालेल. संस्थेचा कारभार प्रत्यक्षात कोण चालवतो ते दाखवणारे कागद म्हणूनच आधी जमवावेत: नेमणूकपत्रावरची सही, रजा मंजूर करणारा, पगाराच्या पत्रकावरची सही. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा बदली मागता येते. या कायद्यात समेट आहे, पण पैशाच्या आधारावर समेट करायला स्पष्ट बंदी आहे. दोन्ही रस्ते एकदम चालू शकतात.

पुढचा काळ लांबचा आहे, ते लपवत नाही. आरोपी अटकपूर्व जामिनाला येईल, मोठा वकील आणेल. मोठ्या वकिलाला घाबरू नका. चांगला वकील मिळणं हा आरोपीचा हक्क आहे, आणि खोट्यात अडकलेल्यालाही तो लागतोच. तुमचं काम एवढंच की त्या दिवशी कोर्टात तुमच्या बाजूने कुणीतरी उभं असावं. पीडितेला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर प्रकरणात म्हटलंय. जामीन मिळाला तर खचू नका, जामीन म्हणजे निर्दोष नव्हे. अब्रुनुकसानीची नोटीस येईल. लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून पत्रकार प्रिया रमाणींवर माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी असाच खटला केला होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. तरी बहिणीने किंवा तुम्ही सोशल मीडियावर नाव घेऊन काही टाकू नये असंच मी सांगेन. खटला दोन आघाड्यांवर लढायची ताकद फार कमी घरांत असते.

साक्षीदार फितूर होणं हे सगळ्यात वाईट. तुमच्या बाबतीत केबिनबाहेरचा शिपाई, किंवा ती रडत बाहेर आली तेव्हा भेटलेली सहकारी, यांची नोकरी त्याच माणसाच्या हातात आहे. त्यांच्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवू नका. पण त्या दिवशी तिने कुणाला फोन केला, कुणाला काय लिहिलं, ही नोंद फितूर होत नाही. आसारामच्या प्रकरणात तीन साक्षीदारांचे खून झाले. हल्ल्यातून वाचलेल्या महेंद्र चावला यांच्याच याचिकेवर डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. आसाराम त्याच वर्षी जन्मठेपेला गेला होता. आमदारावर बलात्काराची तक्रार करणाऱ्या उन्नावच्या मुलीने वडील कोठडीत गमावले, अपघातात नातेवाईक गमावले, आणि खटला दिल्लीला हलवल्यावर चार-पाच महिन्यांत आमदाराला शिक्षा झाली. जागा आणि वेग बदलला की वजन किती कमी पडतं ते त्यात दिसतं. तुमच्याकडे धमकीचा एक जरी फोन आला तरी लगेच लेखी कळवा.

आणि हो, वजनाचा उलटा खेळही असतो. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले. आरोपी सफाई कर्मचारी महिन्या-दीड महिन्यात पोलिसांच्या गोळीने मेला, खटला झालाच नाही. प्रकरण कळवलं नाही असा आरोप असलेले शाळेचे विश्वस्त मात्र अटकेनंतर जामिनावर बाहेर आले. ज्यांना तो झटपट न्याय वाटला त्यांच्याशी माझं पटत नाही. साक्षी झाल्या असत्या तर संस्थेत कुणाला काय माहीत होतं हेही कोर्टापुढे आलं असतं.

तक्रार करावी की नाही, हे मी सांगणार नाही. ते तिच्या तब्येतीवर, तिच्याकडे नेमकं काय आहे यावर, आणि घर किती पाठीशी आहे यावर अवलंबून आहे. काही मुली सगळं समजून घेऊन नको म्हणतात आणि मी त्यांना पटवायला जात नाही. पण 'काही होतच नाही' या समजुतीवर तो निर्णय होऊ नये. वडिलांनाही हेच सांगा की गप्प बसल्याने तिची नोकरी वाचेल याची हमी नाही. कंत्राट संपलं की ते वाढवायचं की नाही, हे त्याच माणसाच्या हातात आहे.

तीन महिन्यांतले सात आठवडे गेलेत, त्यामुळे सल्ला या आठवड्यात घ्या. वकिलाच्या फीची चिंता असेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाताना तिने स्वतः लिहिलेला कागद, नेमणूकपत्र आणि फोन एवढं न्या. बोलू तिला द्या, आणि वकिलाने सांगितलं तर तुम्ही बाहेर थांबा. भावासमोर मुली निम्मंच सांगतात.